दह्याची संगत

वऱ्हाडात नांदत्या घराच्या पानावर दही सहसा एकटे येत नाही. आलेच तर ते आजाऱ्याच्या पानावर, वैद्याच्या अथवा हल्ली डॉक्टरांच्या आज्ञेने येते, आणि ज्याच्यापुढे ते ठेवले जाते तो गृहस्थ काढा पाजल्या जाणाऱ्या मुलासारखे तोंड करून ती वाटी कशीबशी रिकामी करतो. साखर आणि रक्तदाब यांच्या तक्रारी घेऊन वाशीमच्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढणाऱ्या मध्यमवयीन मंडळींत "रोज वाटीभर दही खा, साखर मात्र घालू नका" हा सल्ला आता इतका सार्वत्रिक झाला आहे की, पाटणी चौकातील दुकानांच्या शीतकपाटांत दह्याचे प्लॅस्टिकचे पेले रचून ठेवलेले दिसतात, ते नियमाने विकत घेतले जातात, आणि ज्या भागात दही ही कधीही विवंचनेची वस्तू नव्हती त्याच भागात नुसते दही खावे तरी कसे, असा प्रश्न चारचौघांत गंभीरपणे चर्चिला जातो. या प्रश्नाचा माग काढीत वाशीम, मालेगाव आणि कारंजा या तालुक्यांतील काही स्वयंपाकघरांतून हिंडल्यावर माझे मत असे झाले की, उत्तर वाटीत शोधण्यापेक्षा ते शेतात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने आपल्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावून दिला, त्यामुळे ज्या रीतीचा माधुर्य हा गुण सर्वमान्य आहे त्या वैदर्भी रीतीचे हे माहेर, असा अभिमान येथील सुशिक्षित माणूस बाळगतो. पुढे अकबराच्या अमदानीत वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार, इंग्रजी राजवटीत १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्हा, त्यानंतर अकोल्याचा एक तालुका आणि १ जुलै १९९८ पासून पुनश्च जिल्हा, असे या गावाचे दप्तरी आयुष्य बरेच उलथापालथीचे आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा दस्तऐवज याहून पुष्कळ जुना आहे. विंध्यशक्ती द्वितीय या वाकाटक राजाचा, त्याच्या कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेला ताम्रपट १९३९ साली वाशीम येथे उजेडात आला. त्यात ब्राह्मणांना गाव दान देताना जे हक्क राजाने सोडून दिले त्यांची प्राकृतातील यादी आहे, आणि तीत राजसेवकांनी त्या गावातून फुले व दूध मागू नये, मिठासाठी खणू नये, बैल वेठीला धरू नयेत, असा तपशील येतो. इतिहासकारांना या यादीत करपद्धती दिसते, आणि ते रास्तच आहे. मला मात्र त्यातून एवढे दिसते की, दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्याने गावात उतरताच प्रथम दूध मागावे आणि गावकऱ्यांना त्या मागणीचा जाच व्हावा, हा शिरस्ता सोळाशे वर्षांपूर्वीही या भागात रुजलेला होता. आणि दूध व मीठ या दोन वस्तू, ज्यांवाचून आपला प्रस्तुत पदार्थ सिद्ध होत नाही, त्या दोहोंवर सरकारची नजर होती. पुढल्या शतकांत मीठ या मुलखात आले ते बहुतांशी लमाणांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवरून. त्या तांड्यांच्या वंशजांचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी आज याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात आहे.

दही एकटे खाऊ नये हे सांगणारा पहिला माणूस कोणी वऱ्हाडी आजीबाई नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, दह्याविषयी स्पष्ट निर्बंध आहेत: रात्री दही खाऊ नये, ते तापवून खाऊ नये, आणि तूप, साखर, मुगाचे कढण, मध किंवा आवळा यांपैकी कशाची तरी जोड दिल्यावाचून खाऊ नये. रात्रीच्या दह्याचा निषेध लोकांच्या लक्षात राहिला आणि तो आजतागायत घरोघरी ऐकू येतो. जोड देण्याचा विधी मात्र ग्रंथातच राहिला, कारण जी गोष्ट प्रत्येक जण आपोआप करीतच होता ती मुद्दाम सांगण्याचे प्रयोजन कोणाला वाटले नसावे. आज जो "नुसते दही" म्हणून ओळखला जातो तो प्रकार या दृष्टीने पाहता परदेशी आहे. स्तामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन विद्यार्थ्याने १९०५ साली जिनीव्हात आपल्या देशातील दह्यातला जिवाणू ओळखला. त्यापाठोपाठ १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या मेचनिकोव्हने दह्याने आयुर्मान वाढते असे प्रतिपादन केले, आणि १९१९ साली बार्सिलोनात आयझॅक कारासो याने जे दही विकावयास काढले ते आरंभी औषधांच्या दुकानांतून विकले गेले. औषध म्हटल्यावर त्याला संगत कसली देणार? पण माणसाची जीभ फार काळ औषध सोसत नाही. १९४७ मध्ये अमेरिकेत याच दह्याच्या पेल्याच्या तळाशी स्ट्रॉबेरीचा मुरंबा घातला गेला, आणि तेव्हापासून सुधारलेल्या जगाचे दही गोड होत होत अखेर मिठाईच्या पंक्तीला जाऊन बसले. आपल्याकडील पाटणी चौकातल्या पेल्यांना ही दोन्ही टोके वारशाने मिळाली आहेत: एक पेला निर्गुण, दुसरा आंब्याच्या अर्काने माखलेला, आणि दोहोंमध्ये काहीच नाही.

संगतीकडे वळण्यापूर्वी मूळ वस्तूची चौकशी करणे अगत्याचे आहे, कारण ज्याला दही आवडत नाही असे आपण समजतो त्याला बहुधा वाईट दही आवडत नसते. नागपुरी म्हैस, जिची शिंगे लांब, चपटी आणि तलवारीसारखी मागे वळलेली असतात, ती दूध मुबलक देत नाही, परंतु जे देते त्यात स्निग्धांश शेकडा सात ते आठ असतो, आणि असे दूध गोवऱ्यांच्या मंद आचेवर बराच वेळ राहिले की त्याला किंचित बदामी रंग येतो व त्यातले पाणी आटते. या तापवण्याचे मर्म केवळ निर्जंतुकीकरणात नाही. दूध नव्वद अंशांच्या आसपास काही काळ राहिले म्हणजे त्यातील पाण्यात विरघळलेली प्रथिने उलगडतात आणि केसीनच्या कणांना जाऊन चिकटतात; पुढे जिवाणूंनी दुग्धशर्करेचे आम्ल केले आणि आम्लता ४.६ पीएचच्या सुमारास पोहोचली की हे कण एकमेकांत गुंफून जे जाळे विणतात, त्यात पाणी घट्ट धरून ठेवले जाते. घाईने एक उकळी काढून उतरवलेल्या दुधाचे दही पाणी सोडते, ते याच कारणाने. मालेगावकडच्या गृहिणींना हे रसायन अवगत नाही. परंतु दुधाला करंगळी सोसेल इतपत निवल्यावर विरजण लावणे, विरजण लावल्यावर भांडे जागचे न हलविणे, आणि त्यासाठी कुंभाराचे गाडगे वापरणे, या तिन्ही गोष्टी त्या निरपवादपणे करतात. गाडगे पाणी शोषते आणि पाझरून गारही राहते, त्यामुळे त्यातील कवडी दही चमच्याने कापले असता कडा धरून उभे राहते. स्टीलच्या डब्यात ते कदापि साधत नाही.

विरजणाचा हिशेब ऋतूप्रमाणे बदलतो, आणि वाशीमचे ऋतू काही सौम्य नव्हेत. वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की संध्याकाळी लावलेले दही उजाडण्यापूर्वीच आंबते, म्हणून विरजण अगदी बोटाला लागेल एवढे, आणि तेही रात्री उशिरा. पौषात हेच दूध दुपारपर्यंत हटून बसते. मग भांडे गोधडीत गुंडाळून चुलीच्या उबेला अथवा धान्याच्या कणगीत ठेवावे लागते, आणि तरीही ते लागले नाही तर चिकट होऊन त्याला तार सुटते. ज्या घरी विरजण संपले असेल तेथील लेक वाटी घेऊन शेजारी जाते आणि "काकू, विरजणापुरतं दही द्या" म्हणते. ही मागणी नाकारण्याची पद्धत नाही, जरी दिवेलागणीनंतर दही घराबाहेर देऊ नये असा एक संकेत अनेक घरांत पाळला जातो आणि त्यावर शेजारणींत रुसवेफुगवेही होतात. शेजारही नसेल तेव्हा सुक्या लाल मिरचीची देठे कोमट दुधात टाकून दही लावणारे लोक मी पाहिले आहेत. ते दही पहिल्या दिवशी यथातथाच होते, पण त्याच्या विरजणाने लावलेले दुसरे दही चांगले लागते. सांगायचा मुद्दा हा की, आंबटपणाचे माप हे खाणाऱ्याच्या नव्हे, लावणाऱ्याच्या हाती असते, आणि जे दही वेळेवर लागून वेळेवर गार जागी गेले त्याला खावयास फारसे आर्जव लागत नाही.

आता संगत. वऱ्हाडी माणसाचे दह्याचे पहिले नाते कण्यांशी आहे. ज्वारी जात्यावर भरड दळून, कोंडा पाखडून, मिठाच्या पाण्यात मऊ शिजवलेल्या कण्या गरम असतानाही खातात. परंतु रसिक माणूस त्या रात्रभर राहू देतो, आणि सकाळी त्यांवर गाडग्यातले दही लोटून, वर कच्चा कांदा फोडून घेतो. येथे दह्याची चव वाढते ती कशाने? आंबट आणि गुळगुळीत अशा एकसुरी पदार्थाला दाताखाली येणारे काहीतरी मिळते, मिठाने आंबटपणाची धार बोथट होते, आणि ज्वारीचा स्वतःचा जो किंचित गोडसर गंध आहे तो दह्यातून वर येतो. ज्या कोणाला साखर वर्ज्य केलेली आहे त्याने हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

दुसरे नाते जवसाच्या चटणीशी, आणि माझ्या मते तेच सर्वांत श्रेष्ठ आहे. जवस लोखंडी तव्यावर तडतडेपर्यंत भाजावा, सुक्या मिरच्या, लसूण, जिरे आणि मीठ यांबरोबर तो खलबत्त्यात ओबडधोबड कुटावा, आणि दह्यावर चमचाभर घालून कालवण्याचा मोह आवरावा. कालवलेली चटणी दह्याला मळकट रंग आणते व दोन्ही चवी एकमेकींत विरून जातात; वरवर घातलेली चटणी प्रत्येक घासाला वेगळी लागते. या जोडीमागे एक शास्त्रीय कारणही आहे. मिरचीचा दाह ज्या द्रव्याने होतो ते पाण्यात विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळते, आणि दुधातील केसीन त्याला जिभेवरून ओढून नेते; म्हणून ठेच्याने पोळलेल्या तोंडाला पाणी निरुपयोगी आणि दही तत्काळ उपकारक ठरते. तिखट खाणाऱ्या मुलखाने दही जवळ केले ते या व्यवहारज्ञानाने. जवसात शेकडा चाळीसच्या आसपास तेल असते आणि ते लवकर खवटते, त्यामुळे ही चटणी थोडीथोडीच कुटावी लागते. बाजारातील पाकिटातल्या चटणीत व घरच्या चटणीत जो फरक आहे तो मुख्यतः या शिळेपणाचा आहे.

फोडणीविषयी एवढेच सांगतो की, जिरे, हिंग, कढीपत्ता आणि लाल मिरची यांची फोडणी कढत असताना दह्यावर ओतणाऱ्या माणसाला घाई झालेली असते. ती क्षणभर निवू द्यावी, नाही तर दही फुटते. मीठ पानावर बसल्यावर घालावे, कारण आधी घातले तर काकडी असो वा कांदा, तो पाणी सोडतो आणि कोशिंबिरीचे सार होते. आणि ज्यांना साखरेची मुभा आहे त्यांनी ती वरून भुरभुरवून, न ढवळता, दाणे विरघळण्यापूर्वी खावी. अर्धी साखर पुरते आणि गोडी दुप्पट वाटते.

सार्वजनिक पातळीवर हीच विद्या काल्यात दिसते. या जिल्ह्यातील गावोगाव हरिनाम सप्ताह होतात, आणि शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन झाले की ज्वारीच्या लाह्या, दही, मीठ, मिरची, कोथिंबीर आणि ज्याच्या घरून जे आले असेल ते, असे सगळे एका मोठ्या पात्रात कालवून हातावर देतात. त्या काल्याचा खरा स्वाद पहिल्या काही क्षणांत असतो, लाही अर्धी कुरकुरीत आणि अर्धी भिजलेली असते तेव्हा. रांगेत मागे उभा राहिलेला भाविक पुण्यात कमी पडत नाही, चवीत मात्र पडतो. कारंज्यास या संगतीला शास्त्राची आणखी एक मर्यादा पडते. कारंजा हे दिगंबर जैनांच्या भट्टारकपीठांचे जुने ठाणे, १९१८ पासून तेथे महावीर ब्रह्मचर्याश्रमही आहे. आणि कच्च्या दह्याशी डाळीचा संयोग, ज्याला ते द्विदल म्हणतात, तो जैन आचारात निषिद्ध मानला जातो. म्हणजे दहीवडे गेले, विदर्भाचे लाडके कढीगोळे अडचणीत आले, आणि धान्य, फळ व मसाला एवढीच सोबत उरली. निर्बंधाने कला संकुचित होते असे आपण सहसा मानतो; येथे मात्र ज्वारीचे महत्त्व त्यामुळे वाढले असावे, असे मला वाटते.

आणि नेमकी ती ज्वारीच या जिल्ह्याच्या शिवारातून निघून गेली आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सोयाबीन विदर्भात आले, आणि थोड्या महिन्यांत रोख पैसा देणाऱ्या या पिकाने वाशीमच्या खरिपाचा असा ताबा घेतला की, श्रावणात रिसोडकडे जाताना रस्त्याच्या दोहो बाजूंना दुसरे काही दिसतच नाही. दिसलेच तर तुरीचे तास. शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही, कारण ज्वारीला भाव नव्हता, पाखरांची राखण होती आणि कापणीला माणूस मिळत नव्हता. परंतु ज्वारीबरोबर तिचा कडबा गेला, आणि कडबा गेल्यावर दारची म्हैस पोसणे परवडेनासे झाले. सोयाबीनचे आणि तुरीचे कुटार जनावर खाते, पण कडब्याची गंजी ज्या भरवशाने उन्हाळा काढून देत असे तो भरवसा त्यात नाही. रबीतला जवसही याच सुमारास बांधावर आणि बांधावरून आठवणीत सरकला. अशा रीतीने एकाच फेरबदलाने दही आणि दह्याची संगत या दोहोंना घराबाहेर काढले. म्हशीच्या जागी पिशवीतले दूध आले, गाडग्याच्या जागी पेला आला, आणि १८ जुलै २०२२ पासून वेष्टनबंद, लेबल लावलेल्या दह्यावर शेकडा पाच वस्तू व सेवा कर बसल्यामुळे, ज्या दुधाची मागणी करू नये असे वाकाटकाने ताम्रपटात कोरवले त्याच्या दह्यावर सरकारची नजर पुन्हा एकदा वळली. मोफत मागणे आणि कर आकारणे यांत फरक आहे हे मी जाणतो; तरी योगायोग नमूद केल्यावाचून राहवत नाही.

या हकिकतीत अलीकडे एका परदेशी पाहुण्याची भर पडली आहे. मेक्सिको व ग्वातेमाला या देशांतून आलेला चिया हा तुळशीच्या कुळातील दाणा गेल्या काही वर्षांत वाशीम जिल्ह्यातील शेतकरी रबीत पेरू लागले आहेत. कार्तिकाच्या सुमारास पेरणी, फाल्गुनात काढणी, पाणी बेताचे, आणि रानडुक्कर व रोही यांचा उपद्रव कमी, एवढ्या गुणांवर गहू-हरभऱ्याच्या काही रानांत त्याने बस्तान बसवले आहे. या दाण्याला बाहेर भाव आहे तो मुख्यतः एका कारणाने: मोठ्या शहरांतील व परदेशांतील लोक तो नुसत्या दह्यावर घालून खातात. तो भिजला की आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो, सब्जासारखा बुळबुळीत होतो, आणि दह्याला दाताखाली काहीतरी देतो. ज्या स्निग्धाम्लासाठी त्याची वाखाणणी होते ते आपल्या जवसातही भरपूर आहे. चव म्हणाल तर चियाला ती जवळजवळ नाहीच. मालेगावच्या एका घरी मी तो दह्यात भिजवून खाऊन पाहिला आणि घरच्या आजींनी तो चाखून वर मुकाट्याने जवसाची चटणी घातली, तेव्हा तो पदार्थ खाण्याजोगा झाला.

माल पिकवणारी बहुतेक घरे तो अद्याप खात नाहीत. वाशीमच्या बाजार समितीत हंगामात चियाची पोती उतरतात, लिलाव होतो आणि माल परमुलखी जातो. चटणीपुरता जवस मात्र किराणा दुकानात विचारून मिळवावा लागतो, आणि तो कोठल्या शिवारातला, हे दुकानदारालाही बहुधा ठाऊक नसते.